वाचून दाखवणं का थांबवलंत?

‘प्रिय ताई,

माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. तक्त्यावरची सगळी मुळाक्षरं त्याला येतात, बाराखडी तोंडपाठ आहे. पण पुस्तक समोर धरलं की अडतो. पहिलं अक्षर बघून काहीतरी ठोकून देतो. ‘कपाट’ लिहिलेलं असलं तर ‘कपडे’ म्हणतो. काल बरोबर वाचलेला शब्द आज त्याला ओळखीचासुद्धा वाटत नाही. रोज संध्याकाळी मी त्याला तासभर घेऊन बसते आणि रोज शेवट रडण्यात होतो, कधी त्याच्या, कधी माझ्या. त्याचे बाबा म्हणतात, लक्ष नाही, आळशी आहे. जावेचा मुलगा त्याच्याच वयाचा, तो घडाघडा वाचतो, त्यामुळे घरात सतत तुलना होते. पूर्वी मी रोज झोपताना गोष्ट वाचून दाखवायचे. दुसरीत गेल्यावर ते बंद केलं. मीच वाचत राहिले तर त्याला स्वतः वाचायची सवय कशी लागणार? एक मोठी गोष्ट अर्ध्यावर राहिली आहे, ती आता तूच वाचून पुरी कर असं मी त्याला सांगितलंय. धाकटी ४ वर्षांची आहे. तिच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून आत्तापासून काय करू? मी कुठे चुकतेय?

– एक आई’

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. ‘दुसरीत गेल्यावर ते बंद केलं.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मला वाटतं या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. बाकी सगळ्याचं उत्तर मी देणार आहे, अडणाऱ्या शब्दांचं, मात्रांचं, धाकटीचं. पण वाचून दाखवणं आज रात्रीपासून पुन्हा सुरू करा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

तुमच्या मनात काय होतं ते मला कळतं. आपण उचलून घेत राहिलो तर मूल चालणार कधी, तसं तुम्हाला वाटलं. वाचनाला मात्र ही उपमा लागू पडत नाही. तुम्ही वाचता तेव्हा तुम्ही त्याचं काम करत नसता. त्याच्या वाट्याचं जे दुसरं काम आहे ते तेव्हा चाललेलं असतं, आणि ते त्याला तुमच्याशिवाय सध्या करता येत नाही.

वाचनात दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात. एक म्हणजे कागदावरच्या खुणांमधून शब्द काढणं. दुसरी म्हणजे ती भाषा कळणं: शब्दांचे अर्थ, वाक्याची वळणं, गोष्टीत कोण कोणाला का चिडलं ते. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली ही मांडणी केली, आणि त्यांनी या दोहोंची बेरीज केली नाही, गुणाकार केला. एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. तुमच्या मुलाची पहिली बाजू आज कच्ची आहे. दुसरी बाजू बहुधा चांगली होती, कारण तुम्ही त्याला वर्षानुवर्षं गोष्टी वाचून दाखवत होतात. आता पहिली बाजू पक्की व्हावी म्हणून तुम्ही दुसरीचं पाणी तोडलंत.

दुसरीतलं मूल स्वतः जे वाचू शकतं ते फार साधं असतं. ‘मगन घर बघ’ अशा वाक्यांतून भाषा वाढत नाही. पण तेच मूल कानाने ऐकून त्याच्या कितीतरी पुढची गोष्ट समजू शकतं. हे अंतर प्राथमिक शाळेची बहुतेक वर्षं राहतं. पुस्तकात ‘इतक्यात’, ‘निश्चय’, ‘मात्र’, ‘ओशाळला’, ‘जिवाच्या आकांताने’ असे शब्द येतात. आपण घरात बोलताना ते क्वचितच वापरतो. हे शब्द कानावर आधी पडलेले असले तर पुढे कधीतरी ते अक्षर अक्षर लावत वाचताना तो मध्येच उजळतो: अरे, हा तर तो शब्द! ऐकलेलाच नसला तर अक्षरं बरोबर लावूनही त्याच्या हाती काही लागत नाही, आणि आपण बरोबर वाचलं की नाही हेही त्याला समजत नाही.

डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ सालचा एक छोटा प्रयोग मला नेहमी आठवतो. सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना त्यांनी बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. काही मुलं वाचनात हुशार, काही कच्ची. काहींना खेळाची चांगली माहिती, काहींना फारशी नाही. जी मुलं वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी होती, त्यांना तो मजकूर हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा चांगला समजला. तेव्हा तुम्ही त्याच्याशी मुंग्यांबद्दल बोलता, ढग कसे होतात ते सांगता, जुना रेडिओ उघडून आतलं दाखवता, तेव्हाही त्याचं वाचनच वाढत असतं. तो वेळही अभ्यासातच धरा.

आता पहिल्या बाजूकडे येते. त्याआधी ‘आळशी’ या शब्दाबद्दल थोडं.

बोलणं मूल आपोआप शिकतं. बोलती माणसं आजूबाजूला असली की पुरे. वाचन तसं नाही. माणूस लिहू लागला त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली. त्यासाठी मेंदूत तयार जागा नाही. चेहरे आणि वस्तू ओळखण्यासाठी, ऐकण्या-बोलण्यासाठी जे भाग आहेत त्यांनाच नव्याने एकमेकांशी जोडून घ्यावं लागतं, आणि हे प्रत्येक मुलाला मुळापासून करावं लागतं. एखाद्याची ही जोडणी झटकन होते, एखाद्याला कितीतरी पट जास्त सराव लागतो. यात बुद्धीचा किंवा स्वभावाचा दोष नसतो. जो मुलगा रोज तासभर न जमणारी गोष्ट करायला बसतो आणि रडतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो, त्याला मी आळशी म्हणणार नाही. त्याच्या बाबांना हे तुम्ही सांगा, किंवा हे पत्रच वाचायला द्या. जावेच्या मुलाचं नाव वाचनाच्या वेळी कोणी काढायचं नाही एवढं घरात ठरवून टाका.

शिवाय आपली लिपी शिकायला वेळ घेते हे फार थोड्या पालकांना माहीत असतं. इंग्रजीत अक्षरं २६. आपल्याकडे क ते ळ ३४ व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडीतली बारा रूपं, म्हणजे ४०८ आकार झाले. जोडाक्षरं वेगळीच. मग हातात उरतं काय? एक मोठी सोय: जसं लिहिलंय जवळजवळ तसंच बोलायचं असतं. एकदा पकड आली की मूल नवा शब्दही वाचू शकतं. पण पकड यायला वेळ लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. कन्नडची अक्षरव्यवस्था आपल्यासारखीच. त्यात दिसलं की अक्षरं पक्की होण्याचा प्रवास चौथीपर्यंतही चालू असतो. दुसरीच्या मध्यावर अडणारा तुमचा मुलगा जगावेगळा नाही.

‘बाराखडी तोंडपाठ आहे’ असं तुम्ही लिहिलंय. एक गोष्ट करून बघा. कागदावर नुसतं ‘पे’ लिहा आणि त्याला विचारा. तो लगेच ‘पे’ म्हणाला तर उत्तम. पण ओठांतल्या ओठांत ‘प पा पि पी पु पू’ असं पुटपुटत तिथवर चढत आला, तर त्याला बाराखडीचं गाणं येतं, अक्षरं येत नाहीत. मी ३० वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, आणि वर्गात दरवर्षी अशी मुलं असायची. तक्ता ओळीने म्हणताना ती कधी चुकत नाहीत, म्हणून शिक्षकांच्या आणि घरच्यांच्या लक्षात यायला उशीर होतो.

यावर उपाय सोपा आहे. बाराखडी आडवी न घेता उभी घ्या. एक आठवडा फक्त काना: का, मा, ना, सा, वा, रा. त्यांचेच शब्द: काका, मामा, नाव, वारा. ‘माणूस’ मात्र नको, कारण त्यात उकार आला. पुढच्या आठवड्यात दुसरी वेलांटी, मग एक मात्रा. पहिली वेलांटी जरा मागे ठेवा. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे डोळा आणि जीभ यांची गल्लत होते. ‘दिवस’ वाचताना मूल थबकतं ते यामुळेही. ख आणि रव, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पूर्ण बसली की मग दुसरी.

आता ‘कपाट’चं ‘कपडे’ का होतं ते बघू. अक्षरं सुटी सुटी वाचून त्यांचा शब्द करणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं. ‘कमळ’ वाचताना मूल म्हणतं ‘क… म… ळ’, प्रत्येक अक्षरात पूर्ण ‘अ’ घालून, मध्ये श्वास घेऊन. पण आपण बोलताना शेवटचा ‘अ’ गिळतो. ‘कमळ्’ म्हणतो. त्यामुळे तोंडातून निघालेले तीन आवाज आणि डोक्यातलं फूल यांची भेटच होत नाही. मग ते मूल दमून जातं आणि पहिल्या अक्षरावरून, चित्रावरून, आईच्या चेहऱ्यावरून अंदाज करायला लागतं. अंदाज कधीकधी बरोबर निघतो, म्हणून ती सवय सुटत नाही.

त्याला सांगा, अक्षरांच्या मध्ये थांबायचं नाही, आवाज ओढत न्यायचा. आधी पहिली दोन जोडायची: ‘कम’. ते एकच झालं की त्याला तिसरं चिकटवायचं: ‘कमळ’. लांब शब्दात तर हे हवंच. बाकीची अक्षरं बोटाने झाकून ठेवा आणि एकेक उघडत जा. चित्र असलं तर ते आधी झाका, शब्द वाचून झाल्यावर बघू द्या. चित्र बक्षीस म्हणून फार छान काम करतं.

आणखी एक खेळ आहे, त्यात मुलं रंगतात. पाटीवर एक शब्द लिहायचा आणि दर वेळी त्यात एकच बदल करायचा. कळ. काना दिला, काळ. शेवटी काना दिला, काळा. आता का पुसून मा, माळा. शेवटचा काना काढला, माळ. मा चा मू केला, मूळ. मग कूळ. मग खूळ. ‘खूळ’ला हमखास हसू येतं. इथे अंदाज चालतच नाही, कारण सगळे शब्द सारखे दिसतात. डोळ्याला प्रत्येक खूण बघावी लागते. अधूनमधून खडू त्याच्या हातात द्या आणि तुम्ही वाचा. मुद्दाम एकदा चुका. तुमची चूक पकडताना तो किती बारकाईने अक्षरं बघतो ते पाहा.

कागदाशिवायचेही खेळ आहेत, रस्त्याने जाताना, कपडे वाळत घालताना. नदी उलटं म्हण: दीन. लता: ताल. नवा: वान. ‘कमळ’मधला क पळाला, काय उरलं? ‘काम’मध्ये किती आवाज ऐकू येतात? सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन मुलांना रांगेतल्या चौकोनांत एकेका आवाजासाठी एकेक सोंगटी सरकवायला लावत असत. तुम्ही बटणं घ्या. क्, आ, म्: तीन बटणं. ‘का’ हे एकच अक्षर दिसलं तरी त्यात दोन आवाज आहेत हे ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवसापासून काना-मात्रा त्याला पाठ कराव्या लागणार नाहीत.

काल वाचलेला शब्द आज ओळखत नाही, ही तुमची तक्रार खरी आहे आणि त्याचं कारणही याच्यातच आहे. डेव्हिड शेअर यांनी १९९५ साली मांडलेला विचार असा की मूल जेव्हा एखादा शब्द अक्षरामागून अक्षर लावून स्वतः काढतं, तेव्हा त्या शब्दाचं रूप मनात उमटतं. असं काही वेळा झालं की तो शब्द नजरेत बसतो, पुन्हा लावावा लागत नाही. अंदाजाने म्हटलेला शब्द, किंवा तुम्ही घाईने सांगून टाकलेला शब्द, असा उमटत नाही. काल त्याने तो खरंच वाचला होता की वाक्यावरून ओळखला होता, हे आठवून बघा.

रोजची बैठक तासाची नको. १० ते १५ मिनिटं, तीही तो ताजातवाना असेल तेव्हा. घड्याळ लावा आणि वेळ संपली की रंगात आलेलं असलं तरी थांबा. मजकूर असा निवडा की २० शब्दांत एखाद-दुसराच अडेल. पाच-सहा अडले तर ते पुस्तक आज त्याच्यासाठी नाही, ते तुम्ही वाचून दाखवायच्या ढिगात ठेवा. शाळेचं पाठ्यपुस्तक अवघड जात असेल तर आधी तुम्ही वाक्य वाचा, मग तेच त्याने वाचावं, बोट ठेवून. यात लबाडी काही नाही.

तो अडला की मनात पाच आकडे मोजा. हे मला स्वतःला शिकायला फार वेळ लागला. आपली जीभ शिवशिवते. पण त्या पाच आकड्यांत कितीतरी वेळा मूल स्वतःहून शब्द काढतं. नाहीच निघाला तर ‘पहिली दोन जोड बघू’ म्हणा. तरीही नाही, तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला. चुकीचा वाचला तर लगेच टोकू नका. वाक्य पुरं होऊ द्या. ‘आईने कपडे उघडलं’ असं त्याच्याच कानावर पडलं की बहुतेक वेळा तो थांबेल. नाही थांबला तर विचारा, ‘कपडे उघडलं? बरोबर वाटतंय? परत बघ, शेवटचं अक्षर कोणतं आहे?’ स्वतःची चूक स्वतः सापडणं ही वाचनातली फार मोठी पायरी आहे. ती आपण टोकून हिरावून घेतो.

तेच पान पुन्हा वाचायला त्याला कंटाळा येईल असं समजू नका. एस. जे सॅम्युएल्स या अभ्यासकांनी १९७९ मध्ये अगदी साधी पद्धत सांगितली: लहानसा उतारा, पुन्हा पुन्हा, ओघ येईपर्यंत. पहिल्या दिवशी ठेचकाळत, तिसऱ्या दिवशी सरळ, पाचव्या दिवशी आवाजात चढउतार. ते शेवटचं वाचन धाकटीला ऐकवायला लावा. ४ वर्षांच्या बहिणीसारखा श्रोता मिळणं कठीण. ती चुका काढत नाही आणि पुन्हा वाच म्हणते.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी वर्गात ओळीने मुलांना उभं करून एकेक परिच्छेद वाचायला लावत असे. सगळेच तसं करायचे. एक मुलगा नेहमी बऱ्यापैकी वाचायचा. पुढे एकदा मी अचानक क्रम बदलला आणि तो गप्प उभा राहिला, कान लाल झाले, डोळे भरले. तेव्हा कळलं की तो आधीची मुलं मोजायचा, आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते काढायचा आणि तेवढाच आदल्या दिवशी मोठ्या भावाकडून पाठ करून यायचा. किती महिने? मला सांगता येत नाही. इतकी मेहनत तो वाचण्यासाठी करत नव्हता, लाज वाचवण्यासाठी करत होता. त्यानंतर मी कोणत्याही मुलाला न विचारता सगळ्यांसमोर वाचायला लावलं नाही. त्याचा तो चेहरा तुमच्या पत्रातलं रडणं वाचताना मला पुन्हा दिसला. पाहुण्यांसमोर ‘वाचून दाखव बरं’ हे कृपया करू नका.

लिहिण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सोबत घ्या. दिवसभरातली एखादी गंमत त्याने सांगावी, तुम्ही त्याच्याच शब्दांत चार ओळी लिहाव्या, मग त्याने त्या वाचाव्या. स्वतःचं बोलणं कागदावर बघताना अर्थ आधीच माहीत असतो, त्यामुळे सगळी ताकद अक्षरांकडे लावता येते. अशी एक वही करा. काही आठवड्यांनी ती त्याची सगळ्यात आवडती वाचायची वही होईल. तो स्वतः काही लिहू लागला, चिठ्ठी, यादी, दारावर लावायची पाटी, तर ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका. ‘मी बाहेर खेळायला गेलो आहे’ यात सात चुका असल्या तरी निरोप पोचला ना? शुद्धलेखनाला पुढे भरपूर वर्षं आहेत.

जोडाक्षरांची घाई नको. साधे शब्द सरळ वाचता यायला लागल्यावर, आणि तेही मित्र, पक्का, रस्ता अशा रोजच्या शब्दांपासून. ‘र’ फार रूपं बदलतो. तर्क, चक्र, राष्ट्र, सुऱ्या, चारही ठिकाणी तो वेगळाच दिसतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तर मोठ्यांनाही अडवतो. एकेक रूप स्वतंत्रपणे, बऱ्याच शब्दांसह दाखवा. अनुस्वाराचंही तसंच: ‘अंग’, ‘दंत’, ‘खांब’ मोठ्याने म्हणून बघा, टिंब तेच आणि नाकातला आवाज तीन ठिकाणी वेगळा. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च एकच लिहितात, उच्चार दोन. हे नियमाने शिकवू नका. शब्द ओळखीचा असला की जीभ आपोआप योग्य उच्चाराकडे वळते, आणि शब्द ओळखीचे होतात ऐकून. पुन्हा तिथेच आलो आपण.

मोबाईलवरच्या अक्षरांच्या खेळांबद्दल माझं मत थोडक्यात: दहा मिनिटं खेळला तर बिघडत नाही, पण बहुतेक खेळांत अनेक पर्यायांतून एकावर बोट ठेवायचं असतं. तिथे अंदाज चालतो, आणि अंदाजाचीच तर त्याची सवय मोडायची आहे.

एक गोष्ट मात्र याच महिन्यात करा. डोळे आणि कान तपासून घ्या. जवळचं धूसर दिसणारी मुलं तसं सांगत नाहीत, कारण सगळ्यांनाच असं दिसतं असं त्यांना वाटतं. वारंवार सर्दी होऊन कान भरत असतील तर ‘प’ आणि ‘ब’मधला फरक निसटतो. त्यानंतर वर सांगितलेला सराव तीन-चार महिने नेटाने करा. एवढं करूनही सुटी अक्षरं विसरत असेल, यमक जुळवता येत नसेल, बोलताना शब्द आठवायला धडपडत असेल, किंवा घरात आई-वडील, काका-मामा यांपैकी कुणाला वाचनाचा असाच त्रास झाला असेल, तर डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन जड जाण्याच्या अडचणीची, तपासणी करून घ्या, शाळेतल्या समुपदेशकांमार्फत किंवा बालमानसतज्ज्ञांकडून. नुसती अक्षरं उलटी काढतो म्हणून घाबरू नका, या वयात ते बरीच मुलं करतात. आपल्यासारख्या नियमित लिपीत डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणातून जास्त दिसतो: मूल बरोबर वाचतं, पण एकेका शब्दाला फार वेळ लागतो आणि वर्षभरात तो वेळ कमी होत नाही. ‘मोठा झाला की येईल’ म्हणून थांबू नका. या मुलांना वाचायला शिकवता येतं, आणि जितकं लवकर तितकं सोपं जातं. कोणतंही नाव मिळालं तरी ते मदतीचं दार उघडण्यासाठी असतं, हे त्याच्या बाबांनाही सांगा.

धाकटीला पाटी-पेन्सिल देऊन बसवू नका. तिला गाणी, बडबडगीतं, यमकं भरपूर द्या. उलट शब्दांचे खेळ, टाळ्या वाजवत शब्द तोडणं, तिच्या नावाचं पहिलं अक्षर पाट्यांवर शोधणं एवढं पुष्कळ झालं. गोष्ट वाचताना तिला मध्येच थांबवू द्या, प्रश्न विचारू द्या. ‘आता काय होईल गं?’ ‘तो का रुसला असेल?’ असं तुम्ही विचारा आणि तिचं उत्तर थोडं वाढवून तिलाच परत द्या. ती म्हणाली ‘कुत्रा पळाला’, तर तुम्ही ‘हो, घाबरून झाडामागे पळाला.’ आणि तिला तुमच्या मांडीवरून पान दिसू द्या, ओळीखालून तुमचं बोट फिरताना दिसू द्या. पुस्तक कुठून सुरू होतं, ओळ कुठे जाते, शब्दांच्या मध्ये मोकळी जागा का असते, हे ती न सांगता शिकते.

मुलासाठी वाचून दाखवताना मात्र प्रश्न विचारू नका. निदान पहिले काही आठवडे नाही. ‘हा शब्द कोणता, सांग बघू’ तर अजिबात नाही. गेल्या काही महिन्यांत पुस्तक आणि परीक्षा ही दोन्ही त्याच्या मनात एक झाली आहेत, ती आधी सुटी होऊ द्या. संध्याकाळची १० मिनिटं सरावाची, रात्रीचं वाचन फक्त गोष्टीचं, आणि दोन्हींसाठी जागा वेगळी, पुस्तकंही वेगळी. आठवड्यातून दोन रात्री बाबांनी वाचावं. त्यांना आवाज बदलून वाचता येत नसेल तरी चालेल.

आणि ती अर्ध्यावर राहिलेली मोठी गोष्ट बाहेर काढा. आज पलंगावर बसल्यावर त्याला विचारा, आपण कुठे थांबलो होतो रे? पानाचा आकडा तुम्हाला शोधावा लागेल, त्याला बहुधा प्रसंगच आठवत असेल, कोण दारात उभं होतं आणि काय म्हणणार होतं तो. तिथून पुढे वाचा. महिनाभराने कसं चाललंय ते मला कळवा.